प्रश्न तुमचे : मेंदूतली प्रथिनं आणि ऑक्सिडेशनचे घाव

मागच्या अंकात अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्रथिनांवर ऑक्सिडेशनचे (म्हणजे ऑक्सिजनपासून बनलेल्या उतावळ्या रेणूंचे) घाव कसे होतात आणि ते प्रयोगशाळेत कसे ओळखले जातात, याविषयी मी लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं घरात रुग्ण असलेल्यांची आहेत. त्यांतल्या काही पत्रांना घाईने उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवला. माझं सगळं काम प्रथिनांच्या प्रयोगशाळेत झालं. मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. तेव्हा गोळ्यांबद्दल जे लिहिते आहे ते चाचण्यांचे निष्कर्ष म्हणून वाचा. काही सुरू किंवा बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : ऑक्सिडेशन म्हणजे मेंदूला गंज चढणं, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं का? ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो तोच घातक कसा ठरतो? (एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, गंजाची उपमा निम्मी खरी आहे. आधी खरी बाजू सांगते.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. हा वापर पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, होतो. तिथे इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. काही इलेक्ट्रॉन मात्र वाटेतच गळतात, ऑक्सिजनला अवेळी चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. जवळ मोकळं लोह असेल तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतं, आणि ते इतकं उतावळं असतं की जिथे जन्मतं तिथल्याच रेणूवर तुटून पडतं. सुपरऑक्साइडची गाठ नायट्रिक ऑक्साइडशी पडली तर पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि त्यातून प्रथिनातल्या टायरोसिनवर नायट्रो गट जाऊन बसतो.

त्यात चेतापेशींच्या आवरणात अनसॅच्युरेटेड मेदाम्लं भरपूर असतात. ती ऑक्सिडेशनला चटकन बळी पडतात. ती तुटताना ४-हायड्रॉक्सीनोनेनाल नावाचं एक अल्डिहाइड बाहेर पडतं आणि प्रथिनातल्या सिस्टीन, हिस्टिडीन, लायसीन या अमायनो आम्लांना चिकटतं. म्हणजे घाव मेदावर सुरू होतो आणि प्रथिनावर जाऊन थांबतो.

आता न पटणारी बाजू. गंज निवड करत नाही. हवा आणि पाणी पोचेल तिथे चढतो. मेंदूत तसं होत नाही. केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की अल्झायमरच्या मेंदूत प्रथिनांचं ऑक्सिडेशन हिप्पोकॅम्पस (स्मरणाशी जोडलेला भाग) आणि खालच्या पॅरायटल भागात वाढलेलं असतं, लहान मेंदूत मात्र नाही. एकाच कवटीत, एकाच रक्तावर पोसलेले भाग. पण एकावर घाव, दुसरा जवळपास शाबूत. आणि ज्या भागात आजार दिसतो नेमक्या त्याच भागात हे घाव आहेत. त्या भागातही सगळ्या प्रथिनांवर सारखे घाव नसतात. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. एकूण ऑक्सिडेशन किती, हा प्रश्न फार पुढे नेत नाही. कोणत्या प्रथिनावर, कोणत्या जागी, हे कळलं तर काही हाती लागतं.

प्रश्न : मेंदूत हजारो प्रथिनं असतात. त्यांतल्या नेमक्या कोणत्या प्रथिनांना इजा झाली हे कसं शोधतात? सगळी पद्धत समजावून सांगाल का? (जीवरसायनशास्त्राची एमएस्सीची विद्यार्थिनी)

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

लायसीन, आर्जिनीन, प्रोलीन, थ्रिओनीन यांच्या बाजूच्या साखळीचं ऑक्सिडेशन झालं की तिथे कार्बोनिल गट तयार होतो. निरोगी प्रथिनात हा गट सहसा नसतो, म्हणून तो खूण म्हणून चालतो. त्याला पकडायला डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन वापरतात. प्रयोगशाळेत सगळे डीएनपीएचच म्हणतात. अर्ल स्टॅडमन आणि रॉडनी लेव्हिन यांच्या गटाने १९९० मध्ये ही मोजणी नीट बसवून दिली. डीएनपीएच कार्बोनिलला चिकटलं की ३७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, तो मोजायचा. पण त्यातून एकच आकडा मिळतो : या नमुन्यात कार्बोनिल इतके. कोणाचे, ते कळत नाही.

ते कळण्यासाठी प्रथिनं एकमेकांपासून वेगळी करावी लागतात. पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी १९७५ मध्ये टू-डी जेलची पद्धत दिली. आधी एका अरुंद पट्टीत प्रथिनं विद्युतभारानुसार पसरवायची. पट्टीत आम्लता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जाते. प्रत्येक प्रथिन सरकत सरकत आपला एकूण भार शून्य होईल त्या जागी येऊन थांबतं. मग ती पट्टी मोठ्या जेलच्या माथ्यावर ठेवायची आणि वजनानुसार खाली उतरवायची. शेवटी जेलवर शेकडो ठिपके दिसतात.

युक्ती पुढे आहे. एकाच नमुन्याची दोन जेलं करायची. एक रंगवायचं, त्यावर सगळी प्रथिनं दिसतात. दुसऱ्यासाठी नमुन्याला डीएनपीएच लावायचं, जेलवरची प्रथिनं पडद्यावर उतरवायची आणि चिकटलेल्या डीएनपीएचचा भाग (डीएनपी) ओळखणारी अँटिबॉडी सोडायची. पडद्यावर फक्त कार्बोनिल असलेले ठिपके उजळतात. मग दोन्ही चित्रं एकमेकांवर जुळवायची. इथे एक गोष्ट कधीही विसरायची नाही : पडद्यावरच्या ठिपक्याची तीव्रता जेलवरच्या त्याच ठिपक्याच्या तीव्रतेने भागायची. नाहीतर जे प्रथिन मुळातच भरपूर आहे तेच सगळ्यात जास्त घायाळ दिसतं, आणि जे थोडं आहे पण सगळंच्या सगळं बिघडलं आहे ते नजरेतून निसटतं.

ठिपका सापडला की तो कापून काढायचा. हे काम मी पुष्कळ केलं आहे, आणि ते करताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, कारण केस आणि त्वचेतलं केराटिन नमुन्यात गेलं की सगळ्या आलेखावर तेच पसरतं. डोक्याला टोपी, हातात मोजे, खाली स्वच्छ काच. दीड-दोन मिलिमीटरचा निळा तुकडा नळीत टाकायचा आणि रंग धुऊन काढायचा. मग अ‍ॅसिटोनायट्राइल घातलं की तो आक्रसतो, पांढराफटक आणि घट्ट होतो. ते काढून ट्रिप्सिनचं गार द्रावण घातलं की तोच तुकडा द्रावण पीत पुन्हा फुगतो आणि ट्रिप्सिन आत शिरतं. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. ट्रिप्सिन प्रथिनाला लायसीन आणि आर्जिनीनच्या पुढे कापतं. सकाळी प्रथिनाच्या जागी त्याचे पेप्टाइड तुकडे असतात.

त्या तुकड्यांची वजनं मास स्पेक्ट्रोमीटरवर काढायची. एवढे नाजूक रेणू न तुटता हवेत कसे उडवायचे, ही मोठी अडचण होती. ती सोडवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कुर्ट व्युथ्रिख यांच्याबरोबर ते विभागून दिलं होतं. तनाका हे एका उपकरण बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते. ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले, कारण या विषयात यंत्र बनवणाऱ्याचा हात सिद्धांत मांडणाऱ्याइतकाच मोठा आहे. वजनांची यादी मिळाली की संगणक ती माहितीसाठ्यातल्या प्रथिनांशी ताडून पाहतो आणि नाव सांगतो.

प्रश्न : माझ्या आईला अल्झायमर होऊन बरीच वर्षं झाली. ती मला ओळखत नाही. प्रथिनं बिघडतात हे तुम्ही लिहिलंत, पण कोणती, आणि त्यामुळे माणूस का विसरतो, ते कळलं नाही.

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एका प्रथिनाचं नाव घेऊन 'यामुळे आई तुम्हाला विसरली' असं मला सांगता येणार नाही. तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण बिघडलेल्या प्रथिनांची यादी समोर ठेवली की पेशीच्या आत काय कोलमडतं याचं चित्र दिसतं.

केंटकी विद्यापीठात अ‍ॅलन बटरफिल्ड यांच्या गटाने २००२ मध्ये वर सांगितलेल्या पद्धतीने अल्झायमरच्या मेंदूतली पहिली ठळक नावं काढली : क्रिएटिन कायनेज बीबी, ग्लुटामिन सिंथेटेज आणि यूसीएच-एल१. लगेच पाठोपाठ अल्फा एनोलेज आणि डीआरपी-२ यांची नावं आली.

पहिलं पाहा. क्रिएटिन कायनेज पेशीची ऊर्जा हाताशी ठेवतं, लागेल तेव्हा चटकन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) करून देतं. एनोलेज ग्लुकोज तोडण्याच्या साखळीतलं एन्झाइम. पुढच्या अभ्यासांत याच साखळीतली आणखी नावं सापडली, आणि मायटोकाँड्रियात एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेजचंही सापडलं. आता याच्या शेजारी डॉक्टरांनी कदाचित तुम्हाला दाखवलेला पेट स्कॅन ठेवा : अल्झायमरमध्ये मेंदूचे ठरावीक भाग ग्लुकोज कमी वापरतात, आणि हे जिवंत माणसात दिसतं. जेलवरचे ठिपके आणि स्कॅनवरचे फिकट भाग एकाच दिशेला बोट दाखवतात. दुसऱ्या चेतापेशीशी असलेला सांधा (सिनॅप्स) जिवंत ठेवायला, संदेश पुढे द्यायला चेतापेशीला क्षणोक्षणी ऊर्जा लागते. ती आटली की पेशी मरण्याच्या कितीतरी आधी सांधे गळू लागतात. स्मरण या सांध्यांवरच उभं असतं.

ग्लुटामिन सिंथेटेज हे मुख्यतः चेतापेशींना सांभाळणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींत काम करतं. चेतापेशींनी सोडलेलं ग्लुटामेट अ‍ॅस्ट्रोसाइट गोळा करतात आणि हे एन्झाइम त्याचं ग्लुटामिन करतं. ते मंदावलं तर ग्लुटामेट साचण्याचा धोका, आणि जास्त ग्लुटामेट चेतापेशींना उत्तेजित करून करून मारतं. अल्झायमरच्या मेंदूत या एन्झाइमची क्रियाशीलता घटते हे १९९१ मध्येच दिसलं होतं. जेलने दहा-अकरा वर्षांनी दाखवलं की त्याच्यावर ऑक्सिडेशनची खूणही आहे. खूण आणि घटलेलं काम दोन्ही एकाच प्रथिनावर सापडावीत, हे फार महत्त्वाचं. नुसती खूण असणं म्हणजे बिघाड असं नाही. काही प्रथिनं खूण अंगावर घेऊनही काम करत राहतात.

यूसीएच-एल१ टाकाऊ प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेतलं आहे. तेच बिघडलं तर इतर बिघडलेली प्रथिनं साचत जातात. डीआरपी-२ चेतापेशीच्या फांद्या वाढायला मदत करतं. आणि एक नाव मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतं, ते पिन१. हे एन्झाइम टाऊ प्रथिनाचा आकार योग्य ठेवायला हातभार लावतं. टाऊच्याच गुंत्यांवरून अल्झायमरचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला जातो. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत जे गुंते सांगितले ते हेच. पिन१चं ऑक्सिडेशन होऊन त्याचं काम घटलेलं हिप्पोकॅम्पसमध्ये दिसतं. ऑक्सिडेशन आणि टाऊ हे दोन वेगळे विषय नसून एकाच प्रथिनावर येऊन भेटतात, असं मला ही नोंद वाचल्यापासून वाटत आलं आहे.

आणि ताई, आई ओळखत नाही म्हणून तुमचा स्पर्श, आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही असा अर्थ काढू नका. चेहऱ्याची ओळख पुसली गेली तरी भावना जाणवत राहतात. तिच्याजवळ बसत राहा.

प्रश्न : ऑक्सिडेशनमुळे आजार होतो की आजारामुळे ऑक्सिडेशन? (नाव न कळवणारे वाचक)

मृत्यूनंतरच्या मेंदूवरून हे ठरवणं कठीण, कारण तिथे आपण आजाराचं शेवटचं पान वाचत असतो. म्हणून सौम्य बोधनदोषाच्या (स्मरण कमी होऊ लागतं, पण डिमेन्शिया नसतो) टप्प्यावर निवर्तलेल्यांचे मेंदू फार मोलाचे. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्येही एनोलेज, ग्लुटामिन सिंथेटेज, पिन१ यांच्यावर कार्बोनिलच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे घाव उशिरा आलेले नाहीत. २००१ मध्ये नुनोमुरा आणि सहकाऱ्यांनी तर दाखवलं की चेतापेशींतल्या आरएनएवरची ऑक्सिडेशनची खूण आजाराच्या सुरुवातीला जास्त असते आणि अ‍ॅमिलॉइड (अल्झायमरच्या मेंदूत पेशींबाहेर साचणारं प्रथिन) साचत जातं तशी कमी होते.

तरीही 'लवकर' म्हणजे 'कारण' नव्हे. याचं उत्तम उदाहरण एएलएस या चेतापेशींच्या आजाराचं आहे. १९९३ मध्ये काही कुटुंबांत एसओडी१ या जनुकातले बदल सापडले. एसओडी१ सुपरऑक्साइडचा निकाल लावतं. सगळ्यांना वाटलं, रक्षकच गेला, म्हणून आजार. पण नंतर ज्या उंदरांतून एसओडी१ पूर्ण काढून टाकलं त्यांना तसा लकवा झाला नाही. उलट सदोष मानवी एसओडी१ घातलेल्या उंदरांना झाला, तेही एन्झाइमचं काम चालू असताना. म्हणजे दोष रक्षक नसण्यात नव्हता. बदललेलं प्रथिन स्वतःच घातक झालं होतं. केवळ ऑक्सिडेशनची बेरीज-वजाबाकी करून बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

पार्किन्सनमध्येही जागेचंच महत्त्व दिसतं. लुई बॉडीज म्हणजे पार्किन्सनच्या चेतापेशींत दिसणाऱ्या गोळ्यांमधल्या अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनावर नायट्रो गट सापडतात. डीजे-१ या प्रथिनाचं १०६व्या जागेवरचं सिस्टीन ऑक्सिडेशनला फार संवेदनशील आहे, आणि डीजे-१चं जनुक बिघडलं तर तरुणपणी पार्किन्सन होतो. एक अमायनो आम्ल, एक जागा.

माझं मत विचाराल तर अल्झायमरमध्ये हे चक्र आहे : अ‍ॅमिलॉइडचे लहान पुंजके चेतापेशीच्या आवरणात शिरून मेदाचं ऑक्सिडेशन सुरू करतात, त्यातून ऊर्जेची आणि सफाईची प्रथिनं बिघडतात, आणि ती बिघडली की आणखी अ‍ॅमिलॉइड, आणखी ऑक्सिडेशन.

प्रश्न : सासऱ्यांना अल्झायमरचं निदान झालं आहे. कोणी व्हिटॅमिन ई सांगतं, कोणी अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या. तुमचा लेख वाचून वाटलं, द्याव्यात. द्याव्यात का?

माझ्या लेखावरून हा निष्कर्ष निघतो असं वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून चाचण्या काय सांगतात ते स्पष्ट लिहिते.

१९९७ मध्ये मध्यम तीव्रतेच्या अल्झायमरमध्ये रोज २,००० युनिट व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं. आजार गंभीर टप्प्याला जाण्यास थोडा उशीर झाला. २०१४ मध्ये ६१३ रुग्णांच्या चाचणीत त्याच मात्रेने रोजची कामं करण्याची क्षमता घसरण्याचा वेग कमी झाला, साधारण सहा महिन्यांचा फरक पडला. स्मरणशक्तीत मात्र फायदा दिसला नाही. पण २००५ मध्ये सौम्य बोधनदोष असलेल्या ७६९ जणांत हेच व्हिटॅमिन अल्झायमर टाळू शकलं नाही. पार्किन्सनमध्ये ८०० रुग्णांच्या चाचणीत काहीच उपयोग झाला नाही.

२०१२ ची एक चाचणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि अल्फा-लिपोइक आम्ल एकत्र दिलं. मणक्यातल्या पाण्यात मेदाच्या ऑक्सिडेशनची खूण १९ टक्क्यांनी उतरली, म्हणजे औषध पोचलं आणि त्याने काम केलं. तरी अ‍ॅमिलॉइड आणि टाऊ हलले नाहीत, आणि त्या गटातल्या लोकांचे स्मरणचाचणीतले गुण उलट अधिक वेगाने घसरले.

जास्त मात्रेचे तोटेही आहेत. निरोगी पुरुषांच्या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि व्हिटॅमिन ईबद्दल मोकळेपणाने विचारा. निदान झालेल्या रुग्णात तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. 'अँटिऑक्सिडंट' एवढंच लिहिलेल्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका, असं मी माझ्या घरच्यांनाही सांगते. पेशीला थोडं ऑक्सिडेशन लागतंच. हायड्रोजन पेरॉक्साइड कमी मात्रेत पेशीचे निरोप नेतं. सगळ्या शरीरभर ते विझवायला जाणं म्हणजे नेमक्या बिघडलेल्या प्रथिनापर्यंत पोचणं नव्हे.

प्रश्न : हे घाव रक्त तपासून कळतील का? (एक परिचारिका)

आज निदानासाठी नाही. रक्तातले एकूण कार्बोनिल मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, धूम्रपान अशा कितीतरी गोष्टींनी वाढतात. अल्झायमरसाठी सध्या रक्तात मोजतात ते फॉस्फोरिलेटेड टाऊ आणि अ‍ॅमिलॉइड. जिवंत मेंदूत ऑक्सिडेशनची बाजू पाहण्याचा एक चांगला मार्ग एमआर स्पेक्ट्रोस्कोपीचा (एमआरआयच्या यंत्रावर रसायनं मोजण्याचा) आहे : मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांच्या गटाने सौम्य बोधनदोष आणि अल्झायमर असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटाथायोन घटलेलं दाखवलं आहे. ग्लुटाथायोन हा पेशीचा स्वतःचा बचाव, त्यामुळे ही मोजणी मला आश्वासक वाटते.

प्रश्न : माझ्या वडिलांची मेंदूदानाची इच्छा आहे. त्यांना कोणताही आजार नाही. मग उपयोग काय?

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा मेंदू मिळणं सर्वांत कठीण असतं, आणि त्याच्याशिवाय रुग्णाच्या मेंदूतल्या एकाही ठिपक्याचा अर्थ लागत नाही. वयानेही कार्बोनिल वाढतात. ८० वर्षांच्या रुग्णाची तुलना ८० वर्षांच्याच निरोगी माणसाशी करावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. मृत्यूनंतर मेंदूत रसायनं थांबत नाहीत. ऑक्सिडेशन चालूच राहतं, प्रथिनं तोडणारी एन्झाइमंही चालू राहतात. केंटकीच्या सँडर्स-ब्राउन केंद्रात मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून गोठवण्याची व्यवस्था उभी केली, म्हणूनच तिथल्या नमुन्यांवरची कार्बोनिलची मोजणी विश्वासार्ह ठरली. तेव्हा नोंदणी आत्ताच करून ठेवा, मेंदूपेढीचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या, आणि तुम्ही भावंडांनी एकमेकांशी बोलून घ्या. शेवटी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि त्या घडीला वाद घालायला वेळ नसतो. वडिलांच्या दरवर्षीच्या स्मरणचाचण्या झाल्या असतील तर ते कागदही जपून ठेवा. त्या नोंदी मेंदूबरोबर मिळाल्या तर नमुन्याची किंमत कितीतरी पटीने वाढते.

प्रश्न : टू-डी जेल आता कोणी करत नाही म्हणतात. पीएचडीसाठी मी काय शिकू? (एक विद्यार्थी)

कमी करतात हे खरं. आवरणातली प्रथिनं त्या जेलमध्ये नीट शिरत नाहीत, फार थोड्या प्रमाणातली दिसत नाहीत, आणि खूण नेमकी कोणत्या अमायनो आम्लावर आहे ते ठिपका सांगत नाही. आता कार्बोनिलना बायोटिन हायड्राझाइड लावून ते अ‍ॅव्हिडिनने ओढून काढतात आणि पेप्टाइड थेट लिक्विड क्रोमॅटोग्राफीतून मास स्पेक्ट्रोमीटरवर सोडतात. तिथे जागेसकट उत्तर मिळतं. एक जेल तरी स्वतः करा. ठिपका बाजूला सरकलेला पाहिला की प्रथिनाचा भार बदलला आहे हे डोळ्यांना कळतं, आकड्यांच्या तक्त्यात ते कळत नाही.

आजचं सगळ्यांत जिवंत क्षेत्र सिस्टीनचं आहे. कार्बोनिल परत फिरत नाही, पण सिस्टीनवरचं ऑक्सिडेशन बहुतेक वेळा परत फिरतं : ग्लुटाथायोन चिकटतं आणि सुटतं, नायट्रिक ऑक्साइड बसतं आणि उठतं. २००६ मध्ये पार्किन्सन आणि अल्झायमरच्या मेंदूत प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज या, इतर प्रथिनांची घडी घालणाऱ्या, प्रथिनावर असा नायट्रिक ऑक्साइड बसलेला सापडला. परत फिरणाऱ्या बदलावर औषध शोधता येतं, म्हणून मी तुमच्या जागी असते तर इकडेच वळले असते.

पण यंत्राकडे जाण्याआधी नमुना धरायला शिका. ऊती फोडताच मोकळे सिस्टीन हवेने ऑक्सिडाइझ होतात, म्हणून त्यांना झाकून टाकणारं एन-इथाइलमॅलिमाइड द्रावणात आधीपासून असलं पाहिजे, नंतर घालून उपयोग नाही. मग उलटणारं ऑक्सिडेशन डीटीटी या रसायनाने सोडवायचं आणि नव्याने मोकळे झालेले सिस्टीन वेगळ्या खुणेने पकडायचे. मेथिओनीनवरच्या ऑक्सिडेशनकडे तर कायम संशयाने बघा. ते जेलमध्ये आणि स्पेक्ट्रोमीटरच्या सुईतही होतं. प्रत्येक तुकडीत एक नमुना मुद्दाम उघड्यावर ठेवून बाकीच्यांसारखाच चालवा. त्याचे आणि तुमच्या खऱ्या नमुन्यांचे आकडे जवळ आले तर ती तुकडी टाकून द्या.